हेरल्डच्या चासीवरची दोन-सीटर आणि तिचे न जुळलेले ब्रेक

पुढची चाकं सहा-सात किलोमीटरनंतर धरून राहतात, पेडल गादीसारखं दबतं आणि जोरात ब्रेक मारला की गाडीची शेपूट उजवीकडे निसटते. एवढी तक्रार घेऊन ही गाडी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आली. डिस्क ब्रेक आधीच दुसरीकडे बसवून झाले होते. मालकाच्या मते काम संपलं होतं, फक्त 'थोडं सेटिंग' बाकी होतं. प्रत्यक्षात सेटिंगच्या नावाखाली तीन वेगवेगळे दोष आणि एक तडा लपलेला होता.

गाडीची मूळ जात सांगायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली ही हेरल्ड. बॉडी आणि चासी वेगळी असल्यामुळे वरची बॉडी उतरवून तिच्या जागी हलकी, उघडी दोन-सीटर बसवता येते. खुद्द ट्रायम्फने, म्हणजे हेरल्डच्या मूळ ब्रिटिश कंपनीने, १९६२ मध्ये हेच केलं. हेरल्डची चासी आखूड करून स्पिटफायर काढली आणि तिला पुढे ९ इंची डिस्क, मागे ७ इंची ड्रम दिले. इथे चासी आखूड केलेली नाही, व्हीलबेस मूळचाच, २.३२ मीटर. हेरल्डचे मूळ ब्रेक पुढे ८ इंची आणि मागे ७ इंची ड्रम. पुढचे ड्रम काढून त्या जागी मारुती ८०० च्या २१५ मिमी व्यासाच्या, १० मिमी जाडीच्या सपाट डिस्क आणि एका दट्ट्याचे सरकते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) घातले होते. निवड वाईट नाही. पॅड नाशिकमध्ये कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, आणि १३ इंची चाकात हा कॅलिपर मावतो.

धरून राहणारा ब्रेक

ब्रेक गरम झाल्यावर धरतो, थंड झाल्यावर सुटतो. या लक्षणामागे बहुधा दोनच कारणं असतात आणि ती ओळखायला दहा मिनिटं पुरतात. चाक धरलेलं असताना कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) अर्धा फेरा सैल करायचं. ऑईलची पिचकारी उडाली आणि चाक सुटलं, तर लाईनमध्ये प्रेशर अडकलेलं आहे. पिचकारी नाही आणि चाकही सुटलं नाही, तर दट्ट्या किंवा सरकती पिन जॅम आहे. इथे पिचकारी उडाली.

पुढची पायरी. गाडी पुन्हा तापवून चाक धरू द्यायचं आणि मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की लाईनमध्ये ऑईल ढकलणारा तो) दोन नट दोन-तीन आटे सैल करून सिलिंडर पुढे ओढायचा. तेवढ्याने चाक सुटलं तर पुशरॉड, म्हणजे पेडल आणि सिलिंडरचा दट्ट्या जोडणारी दांडी, लांब आहे. म्हणजे पेडल सोडलं तरी दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि गरम होऊन फुगलेल्या ऑईलला परत जायला वाट मिळत नाही. नट सैल करूनही सुटलं नाही, तर सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला व्हॉल्व्ह किंवा आतून सुजलेला होज.

या गाडीत पुशरॉड आणि व्हॉल्व्ह, दोन्हींचा दोष होता. नट सैल केल्यावर चाक थोडं हलकं झालं, पण हाताने मोकळं फिरेना. पुशरॉडला १ मिमी मोकळीक हवी होती, ती शून्य होती. आणि मास्टर सिलिंडर हेरल्डचा नव्हताच, चारही चाकांना ड्रम असलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा होता. अशा सिलिंडरच्या तोंडाशी बरेचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो लाईनमध्ये चौरस सेंमीला साधारण ०.७ किलो प्रेशर मुद्दाम राखून ठेवतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा एवढ्या प्रेशरला जुमानत नाहीत, आणि व्हील सिलिंडरचे कप मात्र त्यामुळे फुललेले राहतात. डिस्कला स्प्रिंग नसते. या कॅलिपरचा दट्ट्या मोजला तर ४८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ १८.१ चौरस सेंमी. गुणाकार केला की पाय पेडलवर नसतानाही पॅड १२-१३ किलोने डिस्कवर दाबलेला. सहा किलोमीटरमध्ये डिस्क तापणारच.

व्हॉल्व्ह काढून टाकता आला असता. पण सिलिंडर सिंगल सर्किटचा होता. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली, आणि ही गाडी कसारा घाट उतरणार होती. म्हणून मारुतीचाच टँडम सिलिंडर घ्यायचं ठरलं, बोअर, म्हणजे आतला व्यास, २०.६४ मिमी. एका चेंबरमधून पुढची दोन चाकं, दुसऱ्यातून मागची दोन. प्रत्येक पुढचा दट्ट्या अर्धा मिमी हलायला दोन्ही मिळून १.८ घन सेंमी ऑईल लागतं, आणि सिलिंडरचा चेंबर साडेपाच मिमी सरकला की तेवढं देतो. त्यामुळे पेडलची लांबी पुरते का हा प्रश्न इथे नव्हता. प्रश्न पायाच्या जोराचा होता, तो पुढे येतो.

गादीसारखं पेडल

स्पंजी पेडल म्हटलं की 'एअर असेल' म्हणून पुन्हा पुन्हा एअर काढली जाते. इथे आधीच्या ठिकाणी दोन लिटर ऑईल त्यात गेलं होतं. कॅलिपरकडे नीट पाहिल्यावर कळलं की डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. बोल्ट तसेही बसतात. पण मग निपल खाली आणि ऑईलचा होज वर येतो. हवा वरच्या बाजूला गोळा होते आणि खालच्या निपलमधून ती आयुष्यभर निघणार नाही. निपल नेहमी कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला. अदलाबदल केल्यावर पेडल सुधारलं, पूर्ण नाही.

उरलेला दोष पत्र्यात होता. हेरल्डचं पेडल वरून लटकणारं आणि मास्टर सिलिंडर इंजिनमागच्या पत्र्यावर. बॉडी बदलताना तिथे १ मिमी पत्रा लावला होता, मागे आधार काहीच नाही. चासीवर मॅग्नेटचा स्टँड, त्यावर डायल गेज, सुई सिलिंडरच्या फ्लँजला टेकवून एकाला पेडल दाबायला सांगितलं. सुई ३.८ मिमी फिरली. पेडलचं गुणोत्तर ५ धरलं तर १९ मिमी पेडल नुसता पत्रा वाकवण्यात जात होतं. पत्र्यामागे ३ मिमी प्लेट, आकार १८० × १४० मिमी, तीन कडा २० मिमी वाकवलेल्या, आणि तिथून स्टीअरिंग कॉलमच्या आधारापर्यंत २५ × २५ × ३ ची अँगल. नंतरचं मोजमाप ०.४ मिमी. फक्त प्लेट जाड करून भागत नाही. प्लेट कशावर तरी टेकलेली हवी, नाहीतर जाड प्लेट आणि पातळ पत्रा एकत्र वाकतात.

निसटणारी शेपूट

तिन्ही तक्रारींपैकी हीच जीव घेणारी, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलेलं होतं. हेरल्डच्या मागच्या चाकांना स्विंग अ‍ॅक्सल आहे. म्हणजे प्रत्येक चाक आपल्या दांड्यासकट वर-खाली झुलतं आणि झुलताना कलतं. जोरात ब्रेक मारला की मागची बाजू उचलली जाते, चाकं खालून आत ओढली जातात आणि टायर कडेवर उभा राहतो. त्याच क्षणी मागचं चाक जॅम झालं तर गाडी आडवी होते. कोणत्याही गाडीत मागचं चाक आधी जॅम होऊ नये, या गाडीत तर अजिबातच नाही. पुढे डिस्क लावणं हा या कामाचा सोपा भाग. खरं काम मागचा ब्रेक किती कमी ठेवायचा हे ठरवण्याचं.

त्यासाठी आधी वजन. वजनकाट्यावर पुढची चाकं आणि मग मागची, अशी दोनदा गाडी चढवली. एकट्या ड्रायव्हरसह ८२० किलो: पुढे ४३०, मागे ३९०. गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ०.४८ मीटर धरली. ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट, इतक्या जोराच्या ब्रेकला ८२० × ०.८ × ०.४८ ÷ २.३२ म्हणजे १३६ किलो मागून पुढे सरकतात. पुढे ५६६, मागे २५४. कोरड्या डांबरावर टायर यातल्या ०.८ पट जोर पेलतो: पुढे ४५३ किलो, मागे २०३.

आता ब्रेक काय देतात ते पाहू. पॅडचं घर्षण ०.३८, डिस्कवरची सरासरी त्रिज्या ८६ मिमी, भार असलेल्या टायरची त्रिज्या २७५ मिमी. लाईनमध्ये चौरस सेंमीला ६० किलो प्रेशर असेल तर एका कॅलिपरचा दाब १,०८६ किलो, डिस्कच्या दोन्ही बाजूंचं घर्षण मिळून ८२५, रस्त्यावर २५८. दोन्ही चाकांचे ५१६. पुढची चाकं जॅम होण्याच्या काठावर, म्हणजे ४५३ ला, प्रेशर ५३ च्या आसपास येतं.

मागे व्हील सिलिंडर मोजले तर पाऊण इंची, २.८५ चौरस सेंमी. बहुधा दुकानात जे मिळालं ते. शूचा गुणक २.२ आणि ड्रमची त्रिज्या ८९ मिमी धरली तर ५३ प्रेशरला दोन मागची चाकं मिळून २१५ किलो ओढतात. टायर पेलतो २०३. म्हणजे पुढची चाकं जॅम होण्याआधीच मागची गेली. दोन माणसं बसली की हा फरक जवळजवळ मिटतो, म्हणूनच तक्रार 'कधी कधी' होती. गंमत अशी की ओल्या रस्त्यावर, जिथे सगळे घाबरतात, तिथे ही गाडी जास्त सरळ थांबत होती. कमी जोराच्या ब्रेकला मागचं वजन मागेच राहतं.

उपाय पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) व्हील सिलिंडर, १५.८७ मिमी, १.९८ चौरस सेंमी. मागचा जोर ३० टक्क्यांनी उतरून १५० किलोवर येतो. पुढची चाकं आधी जॅम होतात आणि मागे पन्नासेक किलो हाताशी शिल्लक राहतात. मागच्या लाईनमध्ये फिरवून प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह लावावा असाही सल्ला आला होता. तो व्हॉल्व्ह बारीक फरकासाठी ठीक. चुकीच्या मापाचा सिलिंडर झाकण्यासाठी तो लावला तर पुढे कुणीतरी 'ब्रेक कमी लागतो' म्हणून त्याची मूठ फिरवणार.

उजवीकडेच का निसटत होती, याचं उत्तर उजव्या ड्रममध्ये सापडलं. हेरल्डचा मागचा व्हील सिलिंडर एकाच दट्ट्याचा असतो आणि स्वतः बॅकप्लेटच्या खाचेत सरकतो, म्हणजे दट्ट्या एका शूला ढकलतो आणि सिलिंडर मागे सरकून दुसऱ्याला. उजवीकडची खाच गंजून बसली होती, एकच शू काम करत होता. डाव्या चाकाची ओढ जास्त आणि तेच आधी जॅम, म्हणून नाक डावीकडे आणि शेपूट उजवीकडे.

पेडलचा जोर

५३ प्रेशर द्यायला ३.३५ चौरस सेंमीच्या टँडम सिलिंडरवर १७८ किलो लागतात. जुन्या पेडलचं गुणोत्तर २६० ÷ ५२, म्हणजे ५, तर पायाचा जोर साडेपस्तीस किलो. चालण्यासारखं, पण घाटात कंटाळवाणं. बूस्टर टाळायचा होता, जागा नाही. पिव्हट ते पुशरॉडच्या भोकापर्यंतचं अंतर ४६ केलं की गुणोत्तर ५.६५ होतं आणि जोर साडेएकतीसवर येतो. जुन्या आर्ममध्येच नवीन भोक पाडायचा मोह होतो. जुनं भोक ८ मिमीचं, नवीन त्याच्यापासून ६ मिमीवर. दोन्ही एकमेकांत शिरतात. म्हणून आर्म नवीन, ८ मिमी प्लेटमधून लेझरने कापलेला, पिव्हटला गनमेटलचं बुश दाबून बसवून रीमर मारलेलं.

ब्रॅकेट आणि तडा

कॅलिपर सोडवल्यावर तो धरणारं ब्रॅकेट साफ केलं, तडे दाखवणारा रंग (डाय पेनेट्रंट) मारला आणि वेल्डच्या कडेला १४ मिमी लांबीची लाल रेघ उमटली. ब्रॅकेट ६ मिमीच्या दोन तुकड्यांना झेड आकारात वेल्ड करून बनवलं होतं. ६० प्रेशरला कॅलिपर ब्रॅकेटला जवळजवळ सव्वाआठ क्विंटलने ओढतो, आणि झेड आकारामुळे ती ओढ सरळ न जाता वेल्डलाच पिळते. कॅलिपर मध्यावर आणण्यासाठी खाली तीन वायसरही रचले होते. बोल्ट त्यांच्यामधून वाकत होता.

नवीन ब्रॅकेट वेल्ड नसलेलं, २० मिमी एन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) प्लेटमधून, मिलिंगवर १२ मिमीची पायरी काढून. आधी पुठ्ठा, मग ६ मिमी अ‍ॅक्रिलिकचा नमुना चाकासकट बसवून फिरवला, मग प्लेट अंबडला लेझरवर. कापताना भोकं २ मिमी लहान ठेवली आणि नंतर ड्रिल-रीमरने मापाला आणली, कारण लेझरची कड कडक झालेली असते आणि भोक किंचित निमुळतं. आतल्या कोपऱ्यांना ५ मिमी त्रिज्या. ब्रॅकेट स्टब अ‍ॅक्सलवर बॅकप्लेटच्या मूळ बोल्टांवरच बसतं, कुठेही कापाकापी नाही. तपासायच्या तीन गोष्टी: डिस्क कॅलिपरच्या मध्यावर अर्ध्या मिमीच्या आत, पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर आलेली नाही, आणि चाकाच्या आतल्या बाजूपासून निदान ३ मिमी अंतर. बॅलन्सिंगचं शिसं आत ठोकलं की यातलेच २-३ मिमी जातात, म्हणून चिकटपट्टीवालं.

बोल्ट एम१०, ८.८ ग्रेड, ४५ न्यूटन-मीटर, दोन भागांच्या सांध्यात आटे नकोत, गुळगुळीत दांडा हवा. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट इथे नकोत. ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलला कायमचं ताणलं जातं, ८.८ चं स्टील ६४० पर्यंत टिकतं. १०.९ किंवा १२.९ चे बोल्ट प्लेटिंगवाल्याकडे पाठवू नयेत, हायड्रोजन आत शिरून ते काही दिवसांनी आपोआप तुटू शकतात. ब्रॅकेटला प्लेटिंग चालतं.

डिस्कचं हबशी लग्न लावणं तुलनेने सोपं. मारुतीच्या डिस्कची भोकं ११४.३ मिमीच्या वर्तुळावर, हेरल्डची ९५.२५ वर. जुन्या भोकांच्या मधोमध, ४५ अंश फिरवून नवी चार भोकं येतात. मात्र डिस्क स्टडवर नाही, हबच्या मधल्या उंचवट्यावर केंद्रित व्हायला हवी, म्हणून लेथवर एक रिंग काढून बसवली. आधीच्या कामात ती नव्हती आणि डिस्कची लचक (फिरताना बाजूला डोलणं) ०.२२ मिमी होती. आता ०.०५. लचक मोजण्याआधी टेपर बेअरिंगची मोकळीक ०.०५ ते ०.१३ मिमीत आणावी. बेअरिंग सैल असेल तर डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पहिल्यांदा दाबलेलं पेडल खोल जातं. डिस्कच्या जाडीमुळे स्टडचे आटे कमी उरतात. तीन सुती स्टडवर नट निदान ९.५ मिमी चढला पाहिजे, इथे ७ च चढत होता, स्टड बदलले.

खालच्या ट्रनिअनकडेही, म्हणजे पुढचं चाक वळताना ज्यावर फिरतं त्या खालच्या सांध्याकडेही, याच वेळी पाहावं. त्यात ईपी ९० ऑईल भरायचं असतं. निपल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय हेरल्डचं पुढचं चाक एक दिवस आडवं पाडते. आणि डिस्कच्या वाढलेल्या ओढीने तो दिवस जवळ येतो.

पाईप

जुने पाईप एसीच्या तांब्याच्या नळीचे होते. तांबं थरथरीने कडक होऊन फ्लेअरपाशी, म्हणजे पसरवलेल्या टोकापाशी, चिरतं. दीड सुती बंडी पाईप (ब्रेकची स्टीलची नळी) नवीन ओढला, दर २५ सेंमीला क्लिप. सगळ्यात फसवी जागा आट्यांची. जुन्या पाईपचे नट तीन सुती, इंचाला २४ आटे, म्हणजे ९.५२ मिमी आणि पिच १.०६. मारुतीच्या सिलिंडरची भोकं एम१० × १. इंची नट त्यात हाताने फिरतो, पाना लावल्यावर आवळल्यासारखाही वाटतो, आणि जोराचा ब्रेक लागल्यावर उपटून येतो. सिलिंडरकडचा नट मेट्रिक, मागच्या व्हील सिलिंडरकडचा इंची, आणि प्रत्येक भोकात बसणारी फ्लेअरची जात वेगळी आहे का ते भोकाचा तळ पाहून ठरवायचं. प्रत्येक पाईपला कापतानाच चिठ्ठी बांधली.

हेरल्डची पुढची चाकं विलक्षण वळतात, २५ फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. त्यामुळे इतर गाडीत पुरणारा होज इथे ताणला जातो. चाक लटकतं ठेवून आणि मग जॅकवर उचलून, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. डावीकडचा होज टायरला घासत होता, बँजो (होजच्या टोकाचा गोल जोड) ३० अंश फिरवल्यावर सुटला.

चाचणी

डॉट ४ ऑईल भरून रविवारी पहाटे रिकाम्या औद्योगिक रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर घासून बसवले: ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, मधे अर्धा किलोमीटर मोकळं, असं दहा वेळा. मग पेडल जोरात दाबून ५० वरून थांबे. सहाही वेळा पुढची चाकं आधी ओरडली आणि अंतर १४ ते १५ मीटरच्या दरम्यान राहिलं, ०.७ जी च्या आसपास.

कसारा घाटाचा हिशोब असा: दोन माणसांसह ८९० किलोची गाडी सुमारे ३०० मीटर उतरते, म्हणजे ६० च्या वेगावरून एकवीस वेळा थांबण्याइतकी उष्णता. इंजिन त्यातला मोठा वाटा घेतं, गिअर खाली ठेवला तर. खाली पोचल्यावर इन्फ्रारेड गन चकचकीत डिस्कवर धरू नये, ती कमी दाखवते. डिस्कच्या गंजलेल्या कडेवर धरावी. इथे कडेवर १६० अंश आले, पेडल बदललं नाही. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना २३० आणि पाणी शोषल्यावर १५५, म्हणजे जुन्या ऑईलने हीच फेरी वेगळी झाली असती. इगतपुरीकडच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑईल दरवर्षी बदलावं.

आरटीओचा मुद्दा थोडक्यात. बॉडी बदललेली असल्यामुळे २०२१ च्या नियमांतली मूळ स्वरूपातल्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज नोंदणी हिला लागू नाही. बॉडीचा बदल आरसीवर चढलेला आहे. मूळ हेरल्ड असलेल्यांनी मात्र जुने ड्रम, बॅकप्लेट, सिलिंडर सगळं तेल लावून जपून ठेवावं.

५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट तपासले, एकही हलला नव्हता. मागचे ड्रम उघडले तेव्हा डावी खाच सुकी निघाली. ती दर मे महिन्यात, पावसाआधी, उघडून घासायची आणि ब्रेकचं उष्णतारोधक ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच लावायचं. जास्त लावलं तर ते वितळून लायनरवर उतरतं.